विश्लेषण : जुन्या बुलेट-येझदीला नवा साज… मूळपण राखून बदल किती आणि कोणते करावेत?

घरातली जुनी बुलेट, वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली झाकलेली येझदी किंवा जुन्या बाजारातून हौसेने आणलेली राजदूत गॅरेजमध्ये नेली की पहिला प्रश्न येतो, ‘काय काय बदलायचं?’ काय बदलायचे नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हौस, सुरक्षितता आणि कायदा या तिन्हींचा विचार केला, तर आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ‘व्हिंटेज’ वाहनांची व्याख्या प्रथमच ठरवली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी या वर्गात येते. मोठे फेरफार म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत केलेले बदल.

म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्यात रस्त्यावर आलेल्या बुलेट, येझदी आणि राजदूत आता एकेक करून पन्नाशी ओलांडत आहेत. १९८५ साली नोंदलेली मोटारसायकल २०३५ मध्ये त्या रांगेत येईल. आज गॅरेजमध्ये तिची फ्रेम कापली, तर तिची दहा वर्षांनंतरची पात्रता आजच संपते. निर्णय आजचा मालक घेतो आणि त्याची किंमत पुढचा मालक मोजतो.

दुसरे कारण संख्येचे आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. बुलेटचे जुने कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या सुमारास इतिहासजमा झाले. ज्या गाड्या शिल्लक आहेत त्यांच्यात भर पडणार नाही. अपघात, गंज आणि भंगारवाले यांच्यापासून वाचलेली गाडी हौसेपोटी कापली जावी, हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

गाडीचे मूळपण नेमके कशात असते?

बहुतेकांना ते दिसण्यात वाटते. टाकीचा आकार, त्यावरच्या सोनेरी रेघा, हेडलाइटच्या दोन बाजूंचे छोटे पायलट दिवे, ॲमीटर, आऱ्यांची चाके. हे सारे खरे आहे, पण अपुरे आहे.

बुलेटचेच उदाहरण घेऊ. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि ब्रिटनमधील रॉयल एन्फिल्ड यांनी मिळून ‘एन्फिल्ड इंडिया’ ही कंपनी स्थापन केली. रेडिचच्या मूळ ब्रिटिश कंपनीचे दिवस पुढे सरले, पण मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरमध्ये बुलेट बनत राहिली. तिच्या ३४६ सीसी इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. पिस्टनचा प्रवास लांब, फ्लायव्हील जड आणि कॉम्प्रेशन कमी. त्यामुळे इंजिन सावकाश फिरते, कमी वेगातही ओढते आणि प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो.

पुढे नवे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन आले. त्याच्या ३५० मॉडेलमध्ये बोअर आणि स्ट्रोकचे आकडे तेच होते. तरीही जुन्या बुलेटवाल्यांनी पहिल्याच फेरीत ‘ठोका बदलला’ म्हणून नाक मुरडले. गाडीचा स्वभाव एका आकड्यात नसतो, हे यावरून लक्षात येते. फ्लायव्हीलचे वजन, व्हॉल्व्हची रचना, कार्ब्युरेटर, सायलेन्सरच्या आतला मार्ग या सगळ्यांच्या जुळणीतून तो तयार होतो.

चालवण्याची पद्धत हाही मूळपणाचाच भाग. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. शिवाय न्यूट्रल सापडण्यासाठी वेगळा लिव्हर. येझदीत किक मारायचा दांडा तोच पुढे ओढून गिअरचा दांडा होतो आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटण्याची सोयही असते. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. हे काढून टाकले तर टाकीवर नाव येझदीचे राहील, एवढेच.

मग बदल करणे चूकच का?

नाही. मोटारसायकलचा इतिहास हाच मुळी बदलांचा इतिहास आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या तरुणांनी आपल्या गाड्यांचे जादा सामान उतरवले, हँडल खाली घेतले, सीट मागे सरकवली आणि त्यातून ‘कॅफे रेसर’ जन्माला आली. नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून बनलेल्या ‘ट्रायटन’ला तर आज स्वतःचा मान आहे. रॉयल एन्फिल्डनेही १९६० च्या दशकात ही लाट ओळखून कॉन्टिनेंटल जीटी कारखान्यातूनच बाजारात आणली.

भारतात बदलांमागे शैलीपेक्षा गरज होती. पेट्रोल परवडेना म्हणून बुलेटच्या फ्रेममध्ये डिझेल इंजिने बसली. पुढे कंपनीने स्वतःच ३२५ सीसी डिझेल इंजिनाची ‘टॉरस’ विकली. सौराष्ट्रात बुलेटचा पुढचा भाग घेऊन तीनचाकी ‘छकडो’ उभा राहिला आणि त्याने गावोगावची माणसे, भाजीपाला, जनावरांचा चारा वाहिला. या गाड्यांना ‘बिघडवलेल्या’ म्हणणे हा त्यांच्या इतिहासाचा अपमान ठरेल.

पण तेव्हाची आणि आजची परिस्थिती सारखी नाही. तेव्हा बुलेट रोज नव्या बनत होत्या, एक कापली तर दुसरी मिळत होती. आज कास्ट आयर्न बुलेट कापली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. कॅफे रेसर किंवा बॉबर करायचीच असेल, तर आजही बनणारी, सुटे भाग सहज मिळणारी नवी गाडी समोर आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची गाडीच त्यासाठी का निवडावी?

रेषा कुठे ओढायची?

‘कंपनीने दिलेला प्रत्येक नटबोल्ट जसाच्या तसा हवा’ हा एक टोकाचा आग्रह. ‘गाडी माझी, मी काय वाटेल ते करीन’ हे दुसरे टोक. व्यवहारात दोन्ही टिकत नाहीत. पहिल्या आग्रहामुळे गाडी काचेच्या कपाटात जाते. दुसऱ्यामुळे ती दोन वर्षांत ओळखू येईनाशी होते आणि फॅशन बदलली की विकायलाही जड जाते.

अधिक उपयोगाचा निकष वेगळा आहे : केलेला बदल उद्या उलटवता येईल का? ऐतिहासिक वाहनांसाठी काम करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद याच दिशेने जाते. वाहनाच्या काळाशी न जुळणारा बदल करावाच लागला, तर तो डोळ्यांत न भरणारा असावा, मूळ रचनेला आणि रूपाला धक्का न लावणारा असावा, परत पूर्वपदावर नेता यावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. गाडी ज्या काळात वापरात होती त्याच काळात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचा भाग मानला जातो. म्हणजे १९८० मध्ये बसवलेले कॅरियर किंवा लेग गार्ड घाईघाईने काढून टाकण्याचीही गरज नाही.

हा निकष गॅरेजच्या भाषेत सांगायचा, तर पान्याने होणारे काम करा आणि ग्राइंडरने, वेल्डिंगने होणारे काम टाळा. बोल्ट खोलून बसवलेले हँडल बोल्ट खोलून परत काढता येते. फ्रेमचा कापलेला तुकडा परत जोडला, तरी ती फ्रेम पूर्वीची राहत नाही.

कोणते बदल करायलाच हवेत?

गंमत अशी की, जे बदलायला हवे ते बऱ्याचदा तसेच राहते आणि जे राखायला हवे तेच आधी बदलले जाते. टाकीला तीन कोट चकचकीत रंग चढतो आणि आत चाळीस वर्षांची, ठिकठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली वायरिंग तशीच असते.

वायरिंग : पहिला खर्च इथेच व्हावा. इन्सुलेशन कडक होऊन तडकलेल्या वायरी पेट्रोलच्या टाकीखालून जातात, हे विसरू नये. जुन्या रंगसंगतीप्रमाणे नवी वायरिंग करून त्यात फ्यूज घातला, तर बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. जुन्या गाड्यांमधली सहा व्होल्टची व्यवस्था बारा व्होल्टवर नेणे हेही समंजस पाऊल आहे. पुढे कंपन्यांनी स्वतःच तो मार्ग धरला होता. काढलेली कॉइल, स्टेटर आणि रेक्टिफायर मात्र डब्यात घालून ठेवावेत.

दिवे : सहा व्होल्टच्या मिणमिणत्या हेडलाइटवर आजच्या महामार्गावर रात्री जाणे धोक्याचे आहे. पण जुन्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब कोंबला, तर प्रकाश रस्त्यावर एकवटण्याऐवजी चहूकडे फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मूळ काचेत योग्य क्षमतेचा हॅलोजन बल्ब हा जास्त चांगला तोडगा.

ब्रेक : जुने ड्रम ब्रेक आजच्या वाहतुकीला कमी पडतात, हे खरे. मात्र अनेकदा दोष रचनेपेक्षा देखभालीचा असतो. लेथवर ड्रम गोल करून घेतला, नवे शू चांगले बसवले आणि केबल बदलली, तरी मोठा फरक पडतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर त्याच घराण्यातल्या नंतरच्या मॉडेलचा दोन कॅमचा ड्रम बसवता येतो. डिस्क हवीच असेल, तर पुढचे चाक आणि फोर्क नंतरच्या मॉडेलचे बसवून मूळ जोडी बाजूला ठेवावी. जुन्याच फोर्कवर कॅलिपरसाठी पट्टी वेल्ड करणे म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली नवा धोका. राजदूत ३५० च्या बाबतीत तर डिस्कला इतिहासाचाही आधार आहे. ती ज्या यामाहा आरडी ३५० वरून आली, तिला पुढे डिस्क होती. भारतीय अवतारात तिथे ड्रम आला.

पेट्रोलची वाट : आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा धरते, त्यामुळे बराच काळ उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजू शकते. जुने रबरी पाइप, सील आणि पेट्रोल कॉकमधले वॉशर फुगतात किंवा चिरतात. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि सील बसवणे, लांबच्या विश्रांतीआधी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे आणि गरजेप्रमाणे कार्ब्युरेटरचा जेट बदलणे, ही कामे दिसत नाहीत, पण गाडीचे आयुष्य वाढवतात.

इग्निशन : सीबी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, तर गाडी एका किकमध्ये सुरू होण्याची शक्यता वाढते आणि ठोक्यात फरक पडत नाही. शुद्धतावादी नाके मुरडतील. पण हा बदल एका दुपारी उलटवता येतो आणि त्यामुळे गाडी रोजच्या वापरात राहते. न वापरलेली गाडी जेवढी लवकर खराब होते, तेवढी वापरातली होत नाही.

कोणते बदल घातक ठरतात?

सर्वात वर आहे फ्रेम. बुलेटच्या रचनेत इंजिन स्वतःच फ्रेमचा भार वाहणारा भाग आहे. बॉबर करण्यासाठी मागचा भाग कापणे, मडगार्डचे ब्रॅकेट घासून सपाट करणे, जाड टायर मावावा म्हणून मागचा स्विंगआर्म रुंद करणे, यातले काहीही चुकले तर चाके एका रेषेत राहत नाहीत. साठ-सत्तरच्या वेगाला हँडल थरथरू लागते, तेव्हा कारण शोधत गॅरेजमागून गॅरेज पालथे घातले जाते.

दुसरा घात क्रमांकांचा. फ्रेमला सँडब्लास्टिंग करून जाड पावडर कोटिंग चढवले की, ठोकलेला चेसिस नंबर बुजू शकतो. पुढे नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तो निरीक्षकाला वाचता आला नाही, तर अस्सल गाडीही संशयाच्या भोवऱ्यात सापडते. त्या जागेवर आधी पट्टी लावून घेणे आणि नंतर हाताने पातळ रंग देणे, ही पाच मिनिटांची काळजी पुढची वर्षभराची धावपळ वाचवते.

तिसरा घात मूळ रंगाचा. बुलेटच्या टाकीवरच्या रेघा कारखान्यात कारागीर ब्रशने हाताने ओढत. तो रंग फिका झाला, कुठे उडाला, तरी गाडीचे वय आणि प्रवास तोच सांगतो. सगळा रंग खरवडून नवा मारला, तर गाडी नवी दिसते, पण मूळ रंग पुन्हा कधीच मिळत नाही. गंज थांबवून, स्वच्छ करून, मेण लावून तो जपता आला तर जपावा. स्वतःच्या आवडीचा रंग हवाच असेल, तर जुन्या बाजारातून दुसरी टाकी आणि मडगार्ड घेऊन ते रंगवावेत, मूळ संच माळ्यावर ठेवावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात चिकाटीने फिरणाऱ्याला अशा गोष्टी अजूनही सापडतात.

चौथा घात इंजिनाच्या स्वभावाचा. झिजलेला ब्लॉक बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालणे ही दुरुस्ती आहे. जास्त ताकदीसाठी कॉम्प्रेशन वाढवणे आणि फ्लायव्हील हलके करणे हा वेगळा प्रकार आहे. गाडी थोडी चपळ होते. पण सावकाश, ठाम ठोका जातो आणि कमी ताणासाठी बनलेल्या क्रँकच्या बेअरिंगवर भार वाढतो. बाहेरून शंभर टक्के मूळ दिसणारी गाडी आतून परकी होते.

आणि सायलेन्सर. आतली जाळी काढून टाकली की ‘फायरिंग’ वाढते, पण गाडी सुधारत नाही. टू-स्ट्रोक येझदीत सायलेन्सरचा आतला आकार इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाचाच भाग असतो. तो बिघडला की कमी वेगातली ओढ जाते. फोर-स्ट्रोक बुलेटमध्येही कार्ब्युरेटर जुळवून न घेता सायलेन्सर मोकळा केला, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. बुलेटचा ठोका खोल आणि गोल आहे, कानठळ्या बसवणारे फटाके हा तिचा आवाज कधीच नव्हता. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले. त्याबद्दल जुन्या गाड्यांच्या खऱ्या चाहत्यांना वाईट वाटण्याचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला असा फरक, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि नियमांच्या आडून कायद्यातली मनाई सैल करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ध्वनी आणि वायुप्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० (२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन परवान्याची अपात्रता अशी तरतूद आहे. रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे तो बदलला तर आरटीओत नोंद करून घेणे आवश्यक. इंजिन बदलायचे असेल, तर आधी परवानगी.

व्हिंटेज नोंदणीचे गणित वेगळे. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र अशी गाडी रस्त्यावर नियमित चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती बाहेर काढता येते.

मग कायद्यात उणीव कोणती?

आज जुन्या मोटारसायकलीच्या मालकापुढे दोनच वाटा आहेत. ‘व्हीए’ घेऊन गाडी जवळजवळ संग्रहालयात ठेवायची, किंवा सर्वसाधारण वाहन म्हणून पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करत राहायचे. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फेरी मारणाऱ्या किंवा वर्षातून एकदा गावच्या जत्रेला गाडीवरून जाणाऱ्या माणसासाठी मधली वाट नाही.

शिवाय फ्रेम कापणारा आणि सुरक्षिततेसाठी चांगला ब्रेक बसवणारा यांच्यात कायदा पुरेसा स्पष्ट फरक करत नाही. त्यामुळे सगळे नाकाबंदीवरच्या हवालदाराच्या समजुतीवर अवलंबून राहते. समंजस मालक घाबरून वायरिंग सुधारत नाही आणि बेफिकीर मालक कशालाच घाबरत नाही.

ब्रिटनने २०१८ मध्ये यावर एक व्यवहार्य उत्तर शोधले. ४० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना तिथे वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या ३० वर्षांत त्यांत ‘लक्षणीय बदल’ झालेला नसावा, अशी अट आहे. मूळ प्रकारचे भाग मिळत नसल्याने वाहन टिकवण्यासाठी केलेला बदल, त्या प्रकारचे वाहन उत्पादनात किंवा सर्रास वापरात असतानाच्या काळातला बदल, तसेच चाके-आस आणि तत्सम भागांत सुरक्षितता, कार्यक्षमता वा प्रदूषण सुधारण्यासाठी केलेला बदल हे ‘लक्षणीय’ मानले जात नाहीत. बदल झाला की नाही एवढेच न पाहता, तो कोणत्या हेतूने आणि कोणत्या प्रकारचा आहे हे तिथे पाहिले जाते.

भारतातही अशी मधली श्रेणी शक्य आहे. चेसिस आणि इंजिन मूळ, क्रमांक सुवाच्य, फ्रेम अखंड. या अटींवर ब्रेक, दिवे, वायरिंग आणि इंधनव्यवस्था यांतील सुधारणांना लेखी मान्यता द्यावी आणि ठरावीक वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी करावी. तपासणीला विरोध करण्याचे कारण मालकांनाही नसावे. रस्त्यावर येणाऱ्या गाडीला ब्रेक लागलाच पाहिजे, मग ती कितीही जुनी असो.

तोवर मालकाने काय करावे?

काम सुरू करण्याआधी गाडीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहावेत. जुनी गाडी विकत घेताना तर हे आधी, पैसे नंतर. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा आणि गाडी विकली तर ते खोके गाडीबरोबर द्यावे. आज कुचकामी वाटणारा ॲमीटर किंवा मूळ सायलेन्सर वीस वर्षांनी सोन्याच्या भावाने शोधावा लागतो. बिले आणि कामाची तारीखवार नोंद एका वहीत ठेवली, तर ती पुढच्या मालकाला आरसीइतकीच उपयोगी पडते.

आधी गाडी आहे तशी चालती करावी आणि काही महिने चालवावी. अनेक ‘हवेच असलेले’ बदल या काळात आपोआप गळून पडतात. उजव्या पायातले गिअर डावीकडे आणण्याचे सामान बाजारात मिळते, पण मोकळ्या मैदानावर दोन-चार रविवार सराव केला तर पायाला सवय होते आणि तो खर्चही वाचतो. उलट, डावी-उजवीची सवय होईपर्यंत गर्दीत न जाणे, ही खरी काळजी.

आणि कारागीर निवडताना सजावटीचे फोटो पाहू नयेत. पॉइंटची फट, टॅपेट आणि टायमिंग कानाने ओळखणारा जुना फिटर शोधावा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक अशा शहरांत ही माणसे अजून आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले कमी होत आहेत. सुटे भाग पुन्हा बनवता येतात, लेथवर काढता येतात. पण ठोका ऐकून आजार सांगणारा कान कुठल्याच बाजारात मिळत नाही. जुन्या गाडीवर खर्च करायचाच असेल, तर त्यातला एक वाटा अशा हातांना काम देण्यावर व्हावा. गाडी अंगणात उभी राहावी की रस्त्यावर धावावी, हे शेवटी त्या हातांवरच ठरते.